युद्धग्रस्तांसाठी सरकारं जाहीर करतात तो पैसा जातो कुठे? येमेनच्या हिशेबावरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "अमुक सरकारने येमेनमधल्या नागरिकांसाठी इतके कोटी डॉलर जाहीर केले, अशा बातम्या दहा वर्षं वाचतोय. सरकार हा पैसा नेमका कुणाच्या हातात देतं? लोकांपर्यंत किती पोचतो, की सगळा हूथी बंडखोरच खातात? आणि या देणगीदारांच्या यादीत भारत का दिसत नाही?"

मी मदतकार्याच्या हिशेबाच्या बाजूला काम करतो. गोण्या उतरवणारे, डॉक्टर, ट्रकवाले हे वेगळे लोक. आमच्या वाट्याला करार, हप्ते, पावत्या आणि शेवटी ऑडिटरची प्रश्नावली. येमेनच्या फायलींवर माझी बरीच वर्षं गेली, काही अम्मानमध्ये बसून, काही जिबूतीत, थोडी एडनमध्ये. म्हणून जे सांगतो ते येमेनबद्दल. सुदान किंवा गाझाचं गणित काही बाबतींत असंच, काही बाबतींत पार वेगळं.

आधी सरळ उत्तर. बातमीत जो आकडा मोठ्या टाइपात असतो तो मला सर्वांत कमी उपयोगाचा. पैसा कधी आला, कुठल्या अटी लावून आला आणि त्याचे येमेनी रियाल कुठल्या दराने झाले, या तीन गोष्टी कळल्या तर पोटात किती गेलं याचा अंदाज मी बांधू शकतो. नुसत्या रकमेवरून नाही बांधू शकत. चोरी होते, ती मी नाकारत नाही, तिच्याकडे येतोच. पण माझ्या फायलींपुरतं सांगायचं तर चोरीने जेवढं नुकसान केलं त्याहून जास्त उशिराने, अटींनी आणि चलनाच्या दराने केलं.

आपल्याकडे अतिवृष्टीचं अनुदान जाहीर होतं तेव्हा शेतकरी लगेच पासबुक भरायला धावत नाही. घोषणा झाली, मग पंचनामे, मग जीआर, मग निधीचं वितरण, मग याद्या, मग आधार जोडलेलं नाही म्हणून अडकलेली खाती, हे त्याला पाठ असतं. आंतरराष्ट्रीय मदतीत हेच टप्पे आहेत, फक्त टेबलं जिनिव्हात आणि न्यूयॉर्कमध्ये आहेत. देणगीदारांच्या परिषदेत मंत्री उभा राहून बोलतो ती घोषणा. तिला कायद्याने काही किंमत नाही. त्यानंतर एखाद्या संस्थेशी सही होते तो करार, आणि करारानंतर बँकेत जमा होतो तो पैसा. या तिन्हींच्या मध्ये कधी आठवडे जातात, कधी वर्ष.

ठळक उदाहरण युद्धाच्या पहिल्याच वर्षातलं. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी बंडखोरांनी राजधानी साना ताब्यात घेतली, मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांनी २७.४ कोटी डॉलरचं तातडीचं आवाहन काढलं आणि सौदीने लगोलग सांगितलं, सगळी रक्कम आम्ही देतो. बॉम्ब टाकणारा देशच मदतीचं संपूर्ण बिल भरतो आहे, हे चित्र तेव्हाही अनेकांना खटकलं होतं. पण हिशेबाच्या दृष्टीने त्याहून त्रासदायक गोष्ट पुढे होती. हा पैसा एकरकमी आला नाही. रियाधमध्ये मदतीसाठी नवं केंद्र उभं राहिलं, त्या केंद्राने एकेका संस्थेशी स्वतंत्र बोलणी केली आणि त्यात महिने गेले. मधल्या काळात इतर सरकारांचे लोक काय म्हणत असतील? "सौदीने सगळं दिलंय की, मग आम्ही कशाला?" म्हणजे आवाहन कागदावर शंभर टक्के भरलेलं आणि गोदामात माल नाही. जाहीर झालेला पण न आलेला पैसा हा शून्यापेक्षा वाईट असतो, कारण तो दुसऱ्याचा पैसाही अडवतो.

२०१९ मध्ये त्याचीच मोठी आवृत्ती झाली. फेब्रुवारीत जिनिव्हाच्या परिषदेत २६० कोटी डॉलरच्या घोषणा झाल्या. त्यात सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीचा वाटा सर्वांत मोठा. ऑगस्ट उजाडला तरी निम्मेही पैसे आले नव्हते आणि निधी आला नाही तर आणखी कार्यक्रम बंद करावे लागतील, असं येमेनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या समन्वयकांना उघडपणे सांगावं लागलं. सप्टेंबर संपता संपता सौदीचे ५० कोटी डॉलर जमा झाले. सप्टेंबरच्या शेवटी आलेल्या पैशातून गहू विकत घ्यायचा, जहाजात भरायचा, होदेदा बंदरात उतरवायचा, दळायचा, जिल्ह्यात पोचवायचा म्हणजे साधारण चार-पाच महिने. त्या वर्षीच्या परिषदेत ज्या भुकेचे आकडे दाखवले गेले, तिला हे पीठ मिळालंच नाही. ते पुढच्या वर्षीच्या भुकेला गेलं.

आता पैसा जातो कुणाकडे ते. सरकार सहसा थेट येमेनच्या सरकारला देत नाही, कारण तिथे दोन सरकारं आहेत, सानात हूथींचं आणि एडनमध्ये जगाने मान्यता दिलेलं, आणि दोन्हींशी हिशेबाचा व्यवहार अवघड. मोठा भाग जागतिक अन्न कार्यक्रम, युनिसेफ, निर्वासितांची उच्चायुक्त कचेरी अशा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडे जातो, काही आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थांकडे, काही सामायिक निधीत. प्रत्येक पायरीला व्यवस्थापन खर्च कापला जातो: जागतिक अन्न कार्यक्रमाचा दर ६.५ टक्के, युनिसेफचा ८, स्वयंसेवी संस्थांना साधारण ७. त्या खालच्या येमेनी संस्थेला मात्र, जी खरोखर गावात जाते, हा खर्च अनेकदा मिळतच नाही. तिचा लेखापाल, तिच्या कचेरीचं भाडं कुणी द्यायचं याचं उत्तर करारात नसतं. २०१६ साली इस्तंबूलला मोठी परिषद होऊन ठरलं होतं की चौथा हिस्सा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना द्यायचा. थेट मिळणारा वाटा अजून एक आकडी टक्क्यांतच आहे. लोक या व्यवस्थापन खर्चावर फार चिडतात. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही, हिशेब ठेवायला पैसे लागतात. चीड यायला हवी ती साखळीच्या लांबीबद्दल.

खरा गुंता लेखाशीर्षाचा. सरकारी कामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा शब्द वेगळा समजावायला नको. 'पाण्यासाठी' आलेले पैसे पाण्यावरच, 'ताइझ जिल्ह्यासाठी' आलेले ताइझमध्येच, 'पाच वर्षांखालच्या मुलांसाठी' आलेले त्यांच्यावरच. देणाऱ्या सरकारला आपल्या संसदेत उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे ते असं बांधून देतं. स्वीडनसारखे काही देश मोकळा निधी देतात, म्हणजे गरज पडेल तिथे वापरा, पण असे थोडे. त्यामुळे होतं काय, की कॉलऱ्याची साथ शेजारच्या जिल्ह्यात फुटते आणि तुमच्या खात्यावर पैसे असतात ते भलत्याच शीर्षाखाली. शीर्ष बदलायचं तर पत्र लिहा, राजधानीतून मंजुरी आणा, सुधारित करार करा. २०१७ साली येमेनमध्ये कॉलऱ्याचे दहा लाखांच्या आसपास संशयित रुग्ण नोंदले गेले. साथ वणव्यासारखी पसरत होती आणि पत्रव्यवहार टपालाच्या वेगाने चालला होता. अशा वेळी उपयोगी पडतो तो संयुक्त राष्ट्रांचा मध्यवर्ती आपत्कालीन निधी. २००६ पासून चालू आहे, सरकारं त्यात आधीच पैसे घालून ठेवतात, साथ फुटली की काही दिवसांत सोडता येतो. माझं मत विचाराल तर कुठल्याही सरकारचा एक डॉलर तिथे पडला तर तो लेखाशीर्षात बांधलेल्या दोन डॉलरांच्या बरोबरीचा.

शिवाय 'मार्च एंड' ही फक्त आपली मक्तेदारी नाही. ब्रिटनचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, अमेरिकेचं सप्टेंबरला. करार सहसा बारा महिन्यांचा. पैसे तिसऱ्या महिन्यात आले, परवाना सहाव्यात मिळाला, म्हणजे बारा महिन्यांचं काम सहा महिन्यांत उरकायचं. ते झालं नाही की 'विनाखर्च मुदतवाढ' नावाचा अर्ज, म्हणजे जादा पैसे नकोत, फक्त मुदत वाढवा. हे अर्ज मी इतके लिहिले आहेत की कारणांचा परिच्छेद मला झोपेत म्हणता येईल: "क्षेत्रीय प्रवेशपरवान्यातील विलंबामुळे..."

परवान्यावरून होदेदाची गोष्ट सांगायलाच हवी. येमेन आपल्या गव्हाचा ९० टक्क्यांच्या वर भाग आयात करतो आणि उत्तरेतल्या दाट वस्तीला माल पुरवणारं मुख्य बंदर होदेदा. ऑगस्ट २०१५ मध्ये आघाडीच्या हवाई हल्ल्यात तिथल्या क्रेन निकामी झाल्या. मग अमेरिकन सरकारचं परकीय मदतीचं खातं असलेल्या यूएसएडने ३९ लाख डॉलर दिले आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने चार फिरत्या क्रेन घेतल्या, प्रत्येकी ६० टनांपर्यंत उचलणाऱ्या. जानेवारी २०१७ मध्ये त्या घेऊन आलेल्या जहाजाला आघाडीने परवानगी दिली नाही. ते परत फिरलं, क्रेन दुबईत पडून राहिल्या. अखेर जानेवारी २०१८ मध्ये त्या होदेदाच्या धक्क्यावर लागल्या.

आता हे हिशेबाच्या नजरेने पाहा. अमेरिकेने पैसे दिले. अडवलं ते अमेरिकेच्याच मित्रांनी, ज्यांच्या विमानांना हवेत इंधन अमेरिका भरत होती आणि शस्त्रं अमेरिका आणि ब्रिटन विकत होते. मदतीच्या खात्यावर ३९ लाख डॉलर 'खर्ची पडले' म्हणून लागले, आणि वर्षभर एकही गोणी त्या क्रेनने उचलली नाही. त्या वर्षभरात जहाजं उभी राहिल्याने जे जादा भाडं गेलं ते वेगळ्या ओळीत, 'वाहतूक' या शीर्षाखाली. कुठल्याही अहवालात या दोन ओळी शेजारी शेजारी सापडणार नाहीत.

याच होदेदाच्या पूर्वेला तांबड्या समुद्राच्या नावाच्या गिरण्या आहेत, धान्य साठवायचे उंच सिलो असलेल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये लढाईची रेषा नेमकी तिथे आली. आत जागतिक अन्न कार्यक्रमाचा ५१ हजार टन गहू होता, ३७ लाख लोकांना महिनाभर पुरेल इतका. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला होदेदापुरता युद्धविराम ठरला, तरी तिथपर्यंत जायचा रस्ता दोन्ही बाजूंच्या मोर्च्यांमधून, सुरुंगांमधून. मध्ये तोफगोळ्यांनी सिलोंना आग लागली. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी पथक पोचलं तेव्हा गव्हात किडे झाले होते. धुरी द्यावी लागली, पोकळ झालेल्या दाण्यांचं पीठ कमी पडलं. ज्या सरकारांनी तो गहू दिला त्यांच्या ताळेबंदात तो कधीच 'वितरित मदत' म्हणून लागला असणार. गहू देऊन झाला, पावती मिळाली, विषय संपला. गहू गावात गेला का, हा प्रश्न वेगळ्या खात्याचा.

धान्याच्या मदतीबद्दल एक जरा आडवाटेचं सांगतो. '७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. धान्य पाठवण्यात देणाऱ्याच्या शेतकऱ्याचा आणि जहाजवाल्याचा स्वार्थ असतोच. अमेरिकेत तर कायदाच आहे की सरकारी अन्नमदतीचा किमान निम्मा भाग अमेरिकन झेंड्याच्या जहाजांतून गेला पाहिजे, २०१२ पर्यंत ही अट ७५ टक्के होती. ती जहाजं महाग. त्यामुळे 'इतक्या डॉलरचा गहू' यात किती गहू आणि किती भाडं, हे विचारावं लागतं.

मग रोख का देत नाहीत? देतात, आणि माझ्या मते येमेनला जास्त रोखच द्यायला हवी होती. बाहेरच्यांना वाटतं तिथे बाजारात अन्न नाही. युद्धाच्या बहुतेक काळात सानाच्या, एडनच्या दुकानांत पीठ, तांदूळ, तेल सगळं मिळत होतं. घ्यायला पैसे नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँकेचं मुख्यालय सानाहून एडनला हलवलं गेलं आणि सुमारे बारा लाख सरकारी नोकरांचे पगार थांबले किंवा अनियमित झाले. शिक्षक, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी सगळे. एका पगारावर सहा-सात तोंडं धरा. देणगीदार सरकारं म्हणतात, पगार देणं म्हणजे विकासखर्च, ती मानवतावादी मदत नव्हे. म्हणजे शिक्षकाला त्याचा पगार मिळणार नाही, पण तो उपाशी पडला की त्याला पीठ मिळेल. २०१९ मध्ये युनिसेफने सौदी-अमिरातीच्या पैशातून शिक्षकांना महिन्याला साधारण ५० डॉलरचा 'प्रोत्साहन भत्ता' दिला. पगार म्हणायचं नाही म्हणून भत्ता.

रोख मदतीचा सर्वांत मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या पैशाचा, २०१७ पासून युनिसेफमार्फत, सुमारे १५ लाख कुटुंबांना. यादी कुठून आणली? युद्धाआधीच्या समाजकल्याण निधीची. ती गोठवली, कारण युद्धात नवी यादी करायची म्हणजे प्रत्येक गावात सत्ता ज्याच्या हातात त्याचे भाऊबंद आत घुसणार. मला हा निर्णय तेव्हा पटला आणि आजही पटतो. पण त्याची किंमत होती: जो २०१४ मध्ये गरीब होता तो यादीत, जो २०१६ मध्ये बॉम्बने बेघर झाला तो बाहेर. वाटपकेंद्रावर ओळख पटवणाऱ्या मुलांना दिवसभर एकच वाक्य ऐकावं लागायचं, "माझं नाव का नाही?" त्यांच्याकडे द्यायला उत्तर नव्हतं.

आणि रोख म्हटलं की दर आलाच. एडनच्या सरकारने नव्या नोटा छापल्या, हूथींनी २०१९ च्या शेवटी त्या आपल्या भागात बंद केल्या. एका देशात एकाच नावाची दोन चलनं झाली. २०२१ च्या डिसेंबरात एडनमध्ये डॉलरला दीड हजार रियालच्या वर भाव, सानात सहाशेच्या आसपास. आता तुम्ही करारात लिहिलंय 'प्रति कुटुंब अमुक डॉलर'. हे डॉलर कुठल्या बँकेतून, कुठल्या दिवशी, बाजारभावाने बदलले की बँकेने ठरवलेल्या भावाने, यावर घरात पिठाची गोणी येणार की अर्धी, हे ठरतं. दोन भावांतला फरक कुणीतरी खातंच. तो खाणारा बंदूकवाला नसतो, त्याच्याकडे मोहोर आणि लेटरहेड असतं. सीरियात तर हे उघड्यावर आलं: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की २०२० मध्ये तिथल्या सरकारने ठरवलेल्या दराने पैसे बदलायला लागल्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या प्रत्येक डॉलरमधले ५१ सेंट मध्येच गेले. एकही ट्रक न लुटता. ज्या देशांनी त्या राजवटीवर निर्बंध लावले होते, त्यांचाच पैसा तिच्या मध्यवर्ती बँकेत गेला.

आता चोरी. हूथी मदत खातात का? हो. ३१ डिसेंबर २०१८ ला जागतिक अन्न कार्यक्रमाने स्वतः जाहीर केलं की सानात मदतीचं धान्य ट्रकमधून परस्पर काढलं जातंय, याद्यांमध्ये फेरफार होतोय, आणि अनेकांना त्यांच्या हक्काचा शिधा मिळालेलाच नाही. त्यावर उपाय म्हणून बोटांच्या ठशांची नोंदणी आणायची ठरली. हूथींना ती माहिती आपल्या हातात हवी होती. जून २०१९ मध्ये साना शहरातलं वाटप काही आठवडे थांबवलं गेलं, साडेआठ लाख लोकांचं. नंतर हूथींच्या मदत-समन्वय परिषदेने प्रत्येक प्रकल्पावर दोन टक्के वसुली लावायचा घाट घातला, तो सगळ्या देणगीदारांनी मिळून हाणून पाडला, २०२० च्या सुरुवातीला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने उत्तरेतली आपली बरीच मदत रोखली. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने उत्तरेतलं सर्वसाधारण वाटपच थांबवलं: पैसे कमी आणि कुणाला द्यायचं यावर एकमत नाही, अशी दोन्ही कारणं. जून २०२४ पासून हूथींनी संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर संस्थांच्या येमेनी कर्मचाऱ्यांना मोठ्या संख्येने डांबायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाचा एक कर्मचारी कोठडीत मरण पावला. ज्यांच्या सह्या माझ्या कागदांवर असायच्या तसे हे लोक, स्थानिक पोरं. त्यामुळे हूथींबद्दल माझ्या मनात गोड भ्रम नाहीत.

तरी एक गोष्ट पत्रकार हमखास चुकीची वाचतात. बाजारात मदतीची छापील गोणी विकायला दिसली की फोटो आणि मथळा: मदतीची लूट! वाटपानंतर आम्ही लोकांना फोन करतो. प्रश्न ठरलेले: किती किलो मिळालं, रांगेत किती वेळ गेला, कुणी पैसे मागितले का, घरी न्यायला भाडं किती पडलं. पूर्ण शिधा म्हणजे कुटुंबामागे साधारण ७५ किलो पीठ, वर डाळ, तेल, साखर, मीठ. डोंगरातल्या वस्तीत राहणारी बाई हे डोक्यावर नेऊ शकत नाही. ती पिकअपवाल्याला सांगते, एक गोणी तुझी, बाकीच्या पोचव. पिकअपवाला ती गोणी बाजारात विकतो. कुणी मुलाच्या औषधासाठी विकतं, कुणी गॅस सिलिंडरसाठी. ही लूट नव्हे. पिठाच्या रूपात दिलेली मदत लोकांनी स्वतःच रोखीत बदलून घेतली, फक्त वाईट दराने. अशी गोणी आणि ट्रकमधून पळवलेली गोणी फोटोत सारख्याच दिसतात. फरक फक्त फोनवरच्या त्या नोंदींत सापडतो, आणि त्या नोंदी ठेवायला पैसे लागतात, जे 'व्यवस्थापन खर्च' म्हणून पहिल्यांदा कापले जातात.

सरकारांची दहशतवादाची यादी हा आणखी एक अडसर. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प प्रशासनाने जाता जाता हूथींना परकीय दहशतवादी संघटना ठरवलं, बायडेन प्रशासनाने महिनाभरात, १६ फेब्रुवारीला, ते मागे घेतलं. मार्च २०२५ मध्ये ते पुन्हा लागू झालं. कागदावर मदतीला सूट असते. पण बँकेतला अनुपालन अधिकारी, म्हणजे नियम मोडत नाहीत ना हे बघणारा, सूट वाचत नाही, तो 'येमेन' हा शब्द वाचतो आणि व्यवहार रोखून धरतो. परदेशी बँक पैसे पाठवत नाही, आयातदाराला पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, मिळत नाही, विमावाला दर वाढवतो. परिणाम मदतीच्या गव्हावर होतो, पण त्याहून जास्त व्यापाऱ्याच्या गव्हावर. आणि येमेन जगतो तो मुख्यतः व्यापाऱ्याच्या गव्हावर, मदतीच्या नव्हे.

गेल्या काही वर्षांतली परिस्थिती झरझर सांगतो. २०२१ च्या परिषदेत मागितले ३८५ कोटी डॉलर, घोषणा झाल्या १७० कोटींच्या. ब्रिटनने आदल्या वर्षीचे १६ कोटींच्या वरचे पौंड एकदम ८.७ कोटींवर आणले, कारण घरी मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ केला होता. २०२७ पर्यंत तो ०.३ करायचं त्यांनी ठरवलं आहे. २०२२ मध्ये मागितले ४२७ कोटी, घोषणा १३० कोटींच्या; २०२३ मध्ये मागितले ४३० कोटी, घोषणा १२० कोटींच्या. मग जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएड हे खातंच बंद झालं. त्यांच्याच महानिरीक्षकाने फेब्रुवारीत सांगितलं होतं की सुमारे ४८.९ कोटी डॉलरचं अन्न बंदरांत, वाटेत, गोदामांत अडकून नासण्याच्या बेतात आहे. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानसाठीची जवळपास पाचशे टन पौष्टिक बिस्किटं दुबईच्या गोदामात मुदत संपून जाळायची वेळ आली. बिस्किटं जवळपास आठ लाख डॉलरची, आणि नष्ट करायचा खर्च वर आणखी सव्वा लाखाच्या पुढे. येमेनच्या २०२५ च्या २४८ कोटींच्या आवाहनाचा तिसरा हिस्साही भरला नाही.

राहिला भारत. येमेनशी आपलं नातं तसं जुनं आहे. एडन १८३९ पासून जवळपास शतकभर मुंबई इलाख्यातून चालवलं जायचं, आणि वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये वारले ते तिथल्याच तुरुंगात. पण संयुक्त राष्ट्रांच्या आवाहनांत पैसे घालायची भारताची पद्धत नाही. भारत शक्यतो वस्तू देतो, थेट देतो, झेंडा लावून देतो. अपवाद आहेत: पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संस्थेला २०१८ पासून वर्षाला ५० लाख डॉलर. अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू दिला तो अटारीवरून, अफगाण ट्रकांतून. पाकिस्तानशी रस्त्याच्या अटींवरून वाटाघाटींत महिने गेले आणि पहिले २,५०० टन २२ फेब्रुवारी २०२२ ला निघाले. आत वाटप करायला शेवटी जागतिक अन्न कार्यक्रमाशीच करार करावा लागला, कारण दुसरं कुणाकडे तेवढं जाळं नाही. वस्तू थेट द्यायची पद्धत स्वस्त आणि दिसायला चांगली, पण गावापर्यंतचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या हातात राहतंच.

आणखी एक बाब भारतातल्या बातम्यांत फारशी आली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ केला: संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सरसकट सूट. १४ देश बाजूने, भारत तटस्थ, आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद भारताकडेच होतं. भारताचं म्हणणं असं की अशा सवलतींचा फायदा दहशतवादी संघटनांनी आपल्या शेजारात घेतलेला आहे, धर्मादाय संस्थेचा बुरखा पांघरून. ही भीती पोकळ नाही. पण बँकेच्या त्या अनुपालन अधिकाऱ्याला दाखवायला माझ्यासारख्याच्या हातात एखादा कागद लागतो, आणि तो ठराव हा तसा पहिला कागद होता. मी असतो तर बाजूने मत दिलं असतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाची निधी नोंदवही सगळ्यांना खुली आहे. देश आणि वर्ष निवडलं की कुणी दिले, कुणाला दिले, हे ओळीने दिसतं. प्रत्येक रकमेपुढे ती नुसती घोषणा आहे, करार आहे की जमा, हे लिहिलेलं असतं. आवाहनातली मदत आणि त्याबाहेर एखाद्या देशाने परस्पर केलेली मदत वेगवेगळी दाखवतात, ती बेरीज एकत्र करू नका, सौदीच्या बाबतीत तर मुळीच नको. बातमी वाचलीत की ती रक्कम नोंदवहीत शोधा आणि चार महिन्यांनी परत बघा. घोषणेच्या रकान्यातच बसून असेल तर तेव्हा अजून गहू विकत घेतलेलाही नाही.